निरोप्या बाहेर, निरोप आत : पेशींच्या ग्राहींचा शोध

माणूस दचकला की मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींमधून ॲड्रेनॅलीन हे संप्रेरक रक्तात उतरते. काही क्षणांत हृदय धडधडू लागते, यकृतातली साखर रक्तात येते, श्वासनलिका रुंदावतात, आतड्यांची हालचाल मंदावते आणि त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात. रसायन एकच, पण ते मिळताच कुठला स्नायू आवळतो तर कुठला सैल पडतो. आणखी नवलाची गोष्ट म्हणजे ॲड्रेनॅलीन हे सारे पेशीच्या बाहेर राहूनच घडवून आणते, आत शिरत नाही. बाहेर थांबलेल्या निरोप्याचा निरोप आत कसा जातो आणि त्याचा अर्थ जागोजागी का बदलतो, हे समजायला शंभराहून अधिक वर्षे लागली. या काळाचा बराचसा भाग असा होता, की निरोप घेणारा घटक कोणीही पाहिलेला नव्हता. पेशींच्या प्रतिसादावरून तो असलाच पाहिजे एवढेच अनुमान होते.

विषांपासून सुरुवात

या इतिहासाचा पहिला धागा बाणाच्या विषात सापडतो. दक्षिण अमेरिकेतील आदिवासी शिकारी बाणाच्या टोकाला क्युरारे लावत. त्याने प्राण्याचे स्नायू लुळे पडतात. पॅरिसमध्ये क्लोद बेर्नार यांनी १८५०च्या दशकात बेडकांवर प्रयोग करून दाखवले, की क्युरारे दिलेल्या बेडकाच्या चेतातंतूला विजेचा झटका दिला तर स्नायू हलत नाही, पण तोच झटका थेट स्नायूला दिला तर तो आकसतो. म्हणजे स्नायू शाबूत होता. बिघाड चेतातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यापाशी कुठेतरी होता.

दुसरा धागा ग्रंथींचा. १८९४ मध्ये जॉर्ज ऑलिव्हर आणि एडवर्ड शेफर यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये अधिवृक्क ग्रंथींचा अर्क कुत्र्याच्या शिरेत टोचला, तेव्हा रक्तदाब झपाट्याने चढला. १९०१ मध्ये अमेरिकेत काम करणारे जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी या अर्कातून शुद्ध स्फटिकरूप द्रव्य मिळवल्याचे जाहीर केले आणि त्याला ॲड्रेनॅलीन हे नाव दिले.

त्याच युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये १९०२च्या जानेवारीत विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या लहान आतड्याच्या एका भागाच्या सर्व चेता कापल्या आणि त्या भागात आम्ल घातले. मेंदूशी संबंध तुटलेला असूनही स्वादुपिंडातून पाचकरस स्रवू लागला. मग त्यांनी आतड्याचे अस्तर खरवडून आम्लात घोटले, गाळले आणि तो गाळलेला द्रव शिरेत टोचला. रस पुन्हा स्रवला. आतड्याने स्वादुपिंडाला धाडलेला निरोप रक्तातूनच गेला होता. या द्रव्याला त्यांनी सिक्रेटिन म्हटले आणि अशा सर्व निरोप्यांसाठी स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये ‘हॉर्मोन’ हा शब्द वापरात आणला. मराठीत त्यालाच संप्रेरक म्हणतात.

निरोप्ये सापडू लागले होते. रक्त तर सगळ्याच पेशींपर्यंत पोहोचते, मग निरोप नेमका स्वादुपिंडालाच का कळतो, हा प्रश्न मात्र तसाच उरला होता.

लँग्ली आणि एर्लिख

त्याचे पहिले सुसंगत उत्तर केंब्रिजच्या जॉन न्यूपोर्ट लँग्ली यांनी दिले. १८७८ मध्येच त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. पायलोकार्पिन या द्रव्याने मांजराच्या तोंडात लाळ सुटते आणि ॲट्रोपिनने ती थांबते. दोन्ही एकदम दिली तर कोणाची मात्रा किती यावर निकाल ठरतो. याचा अर्थ त्या पेशींमध्ये असे काहीतरी आहे, की ज्याच्याशी ही दोन्ही द्रव्ये जोडली जातात आणि जागेसाठी एकमेकांशी झगडतात.

१९०५ मध्ये त्यांनी कोंबडीच्या पायाच्या स्नायूवर निकोटीन वापरून हा विचार पुढे नेला. निकोटीनने स्नायू आकसत होता आणि क्युरारेने तो परिणाम थांबत होता. मग त्यांनी स्नायूकडे जाणारी चेता कापून ती पूर्ण झिजू दिली. तरी निकोटीनने स्नायू आकसला आणि क्युरारेने पुन्हा सैल झाला. याचा अर्थ ही द्रव्ये चेतातंतूच्या टोकावर काम करत नव्हती. आकसणाऱ्या द्रव्यावरही ती काम करत नव्हती, कारण क्युरारे दिलेला स्नायू विजेच्या थेट झटक्याने आकसतच होता. राहिली एकच शक्यता, की स्नायूपेशीत निरोप घेणारे वेगळे द्रव्य असले पाहिजे. लँग्ली यांनी त्याला ‘ग्रहणशील द्रव्य’ म्हटले. निरोप घेणे आणि त्यावर कृती करणे ही पेशीतली दोन वेगळी कामे आहेत, ही या साऱ्या शास्त्राची पायाभूत कल्पना इथे पहिल्यांदा स्पष्ट झाली.

जर्मनीत पॉल एर्लिख वेगळ्या वाटेने जवळपास त्याच ठिकाणी आले. रंगद्रव्ये काही ठरावीक पेशींनाच चिकटतात आणि घटसर्पाचे विष ठरावीक ऊतींनाच बाधते, यावरून पेशीच्या अंगावर विशिष्ट आकाराच्या रासायनिक शाखा असतात आणि त्यांना जुळणारे रेणूच तिथे बसतात, असे त्यांनी १८९७ मध्ये मांडले. १९०० मध्ये त्यांनी या शाखांना ‘रिसेप्टर’ म्हणजे ग्राही हे नाव दिले. औषधांनाही ग्राही असतात हे मानायला ते सुरुवातीला तयार नव्हते, कारण बहुतेक औषधे पेशींतून सहज धुऊन निघतात. लँग्ली यांच्या प्रयोगांनंतर, १९०७च्या सुमारास त्यांनी हे मत बदलले. कल्पना लँग्ली यांची आणि शब्द एर्लिख यांचा, असा हा वारसा आहे.

चेतांचा निरोपही रासायनिकच

१९०४ मध्ये लँग्ली यांचे विद्यार्थी टी. आर. एलियट यांनी एक धाडसी सूचना केली होती. ॲड्रेनॅलीनचा परिणाम आणि अनुकंपी चेतांना दिलेल्या झटक्याचा परिणाम इतका सारखा असतो, की त्या चेता आपल्या टोकाशी ॲड्रेनॅलीनच सोडत असाव्यात, असे त्यांनी म्हटले. पुरावा मिळायला १९२१ साल उजाडले. ऑस्ट्रियातील ग्राट्स येथे ओटो लोवी यांनी बेडकांची दोन धडधडती हृदये मिठाच्या द्रवात ठेवली. पहिल्या हृदयाच्या व्हेगस चेतेला झटके दिल्यावर त्याचे ठोके मंदावले. त्याच्याभोवतीचा द्रव त्यांनी दुसऱ्या हृदयावर घातला, तर तेही मंदावले. चेतेने हृदयाला रसायन पाठवले होते. या प्रयोगाची कल्पना आपल्याला झोपेत सुचली, असे लोवी पुढे सांगत. ते रसायन ॲसिटिलकोलीन निघाले. त्याचे गुणधर्म इंग्लंडमध्ये हेन्री डेल यांनी १९१४ मध्येच तपासले होते. दोघांना १९३६चे नोबेल पारितोषिक मिळाले.

यानंतर औषधशास्त्रज्ञ ए. जे. क्लार्क यांनी ग्राहींच्या कल्पनेला गणिताची जोड दिली. औषधाची मात्रा वाढवत गेल्यावर परिणाम कसा वाढतो आणि कुठे स्थिरावतो याचे आलेख त्यांनी काढले. त्यांचा आकार ‘ठरावीक संख्येच्या जागा भरत चालल्या आहेत’ या समजुतीशी जुळत होता. परिणाम घडवायला पुरणारे रेणू पेशीच्या पृष्ठभागाचा अगदी लहान अंशच झाकू शकतात, हेही त्यांनी हिशेबाने दाखवले. ग्राही थोडे आणि विखुरलेले असणार, हे तेव्हाच दिसत होते.

अल्फा आणि बीटा

ॲड्रेनॅलीन कुठे स्नायू आवळते आणि कुठे सैल करते, या कोड्याचे त्या काळी प्रचलित उत्तर निरोप्याकडे बोट दाखवणारे होते. चेता दोन प्रकारचे निरोप्ये सोडतात, एक उत्तेजक आणि एक शामक, असे मानले जाई. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा येथे रेमंड आल्क्विस्ट यांनी हा विचार उलटा केला. ॲड्रेनॅलीनसारखी सहा द्रव्ये घेऊन त्यांनी प्रत्येकाची ताकद निरनिराळ्या अवयवांवर मोजली. ताकदीचे क्रम फक्त दोनच आले. रक्तवाहिन्या आवळण्याच्या कामात जो क्रम होता, तो हृदयाला वेग देण्याच्या आणि रक्तवाहिन्या सैल करण्याच्या कामात पार बदलत होता. पहिल्या कामात सर्वांत दुबळे ठरलेले आयसोप्रोटेरेनॉल दुसऱ्या कामात सर्वांत जोरकस निघाले. यावरून, निरोप्या एकच असला तरी ग्राही दोन प्रकारचे आहेत, असे आल्क्विस्ट यांनी १९४८ मध्ये मांडले आणि त्यांना अल्फा व बीटा अशी नावे दिली. औषधशास्त्राच्या प्रमुख नियतकालिकाने हा निबंध परत पाठवला. तो शरीरक्रियाविज्ञानाच्या नियतकालिकात छापून आला आणि कित्येक वर्षे दुर्लक्षित राहिला.

त्याचे मोल स्कॉटिश वैद्य जेम्स ब्लॅक यांनी ओळखले. हृदयाला रक्त कमी पडले की छातीत कळ येते. त्या काळचे उपाय रक्तपुरवठा वाढवू पाहत. ब्लॅक यांनी हृदयाची प्राणवायूची गरजच कमी करायचे ठरवले. हृदयावरचे बीटा ग्राही अडवले तर ॲड्रेनॅलीनचा निरोप तिथे पोहोचणार नाही आणि हृदय धावपळ करणार नाही. आयसोप्रोटेरेनॉलच्या रचनेत बदल करत त्यांच्या गटाने १९६४ मध्ये प्रोप्रॅनोलॉल प्रसिद्ध केले. आज ‘बीटा ब्लॉकर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गोळ्यांच्या घराण्यातले ते औषध आहे. जो ग्राही कोणी पाहिला नव्हता, त्याच्यावर नेम धरून औषध तयार झाले होते. ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल मिळाले.

उंबरठ्याच्या आत : दुसरा निरोप्या

१९५०च्या दशकात यकृताच्या अभ्यासातून पेशीच्या आतली बाजू उलगडू लागली. यकृतात साखर ग्लायकोजेनच्या रूपाने साठवलेली असते आणि फॉस्फोरिलेज हे विकर तिचे तुकडे पाडते. हे विकर कार्ल आणि गर्टी कोरी यांनी शोधले होते. सेंट लुईस येथे त्यांच्या हाताखाली तयार झालेले अर्ल सदरलँड ॲड्रेनॅलीन हे विकर कसे जागे करते याचा माग काढत होते. विकराला फॉस्फेटचा गट जोडला की ते जागे होते आणि गट निघाला की निद्रिस्त होते, हे १९५०च्या दशकाच्या मध्यावर त्यांच्या गटाने आणि सिएटलमध्ये एडविन क्रेब्स व एडमंड फिशर यांनी दाखवले. फॉस्फेट लावणे आणि काढणे ही पेशीची कळ दाबण्याची सर्वांत रुळलेली पद्धत आहे, हे पुढे सिद्ध झाले.

सदरलँड तोवर क्लीव्हलँडच्या वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात गेले होते. तिथे थिओडोर रॉल यांच्यासह त्यांनी यकृताच्या पेशी फोडून त्या लगद्यात ॲड्रेनॅलीन घातले. विकर जागे झाले. संप्रेरकाला काम करायला अखंड पेशी लागतेच, हा समज तिथे गळून पडला. मग त्यांनी लगदा अपकेंद्री यंत्रात फिरवून पेशीपटलांचे तुकडे वेगळे केले. उरलेल्या नितळ द्रवात ॲड्रेनॅलीन घातले तर काहीच घडेना. याउलट पटलांच्या तुकड्यांमध्ये ॲड्रेनॅलीन आणि एटीपी हे पेशीचे ऊर्जाद्रव्य घालून ते मिश्रण उकळले आणि नितळ द्रवात ओतले, तर विकर जागे झाले. उकळल्याने प्रथिने नासतात, तरी मिश्रणाचा गुण टिकून होता. ॲड्रेनॅलीनने पटलावर एक छोटा, उष्णतेला दाद न देणारा रेणू तयार करवला होता आणि आतला निरोप तो रेणू नेत होता. हे काम १९५७ मध्ये प्रसिद्ध झाले.

या रेणूची ओळख पटण्यात योगायोगाचा हात होता. सेंट लुईसचे रसायनशास्त्रज्ञ डेव्हिड लिपकिन यांना एटीपीवर बेरियम हायड्रॉक्साइडची प्रक्रिया करताना एक अनोळखी संयुग मिळाले होते. सदरलँड आणि लिपकिन या दोघांनीही, एकमेकांचा पत्ता नसताना, आपापल्या द्रव्याबद्दल जीवरसायनशास्त्रज्ञ लिऑन हेपेल यांना पत्रे लिहिली. दोन्ही पत्रे समोर असताना हेपेल यांना दोन्ही द्रव्ये एकच असल्याची शंका आली आणि त्यांनी दोघांची गाठ घालून दिली. ते द्रव्य सायक्लिक एएमपी होते. सदरलँड यांनी त्याला ‘दुसरा निरोप्या’ म्हटले. संप्रेरक हा पहिला निरोप्या दारापर्यंत येतो आणि दुसरा घरात फिरतो.

या मांडणीने निरोप वाढण्याचे गणितही सुटले. पटलावरचे ॲडेनिलिल सायक्लेज हे विकर एकदा जागे झाले की सायक्लिक एएमपीचे कितीतरी रेणू बनवते. ते रेणू प्रथिनांना फॉस्फेट लावणारे विकर जागवतात. हे विकर क्रेब्स यांच्या गटाने १९६८ मध्ये ओळखले. त्याचा एकेक रेणू पुढच्या अनेक रेणूंना जागवतो. पायरीपायरीने निरोप मोठा होत जातो आणि रक्तातल्या अत्यल्प ॲड्रेनॅलीनमधून यकृतातली भरपूर साखर मोकळी होते. काम संपल्यावर फॉस्फोडायएस्टरेज नावाचे विकर सायक्लिक एएमपी मोडून टाकते. कॅफीन या विकराला अडथळा करते, हेही तेव्हाच कळले. सदरलँड यांना १९७१चे नोबेल मिळाले.

मधला दुवा

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मार्टिन रॉडबेल यांनी चरबीच्या सुट्या पेशी वेगळ्या काढल्या होत्या. या पेशी अनेक संप्रेरकांना प्रतिसाद देत, पण ती एकत्र दिली तरी सायक्लिक एएमपीची बेरीज होत नसे. यावरून सायक्लेज एकच आणि ग्राही अनेक, असे दिसत होते. मग इतक्या ग्राहींचे निरोप एका सायक्लेजपर्यंत पोहोचवतो कोण? माहितीशास्त्रातल्या परिभाषेचा आधार घेऊन रॉडबेल यांनी तीन भाग कल्पिले. निरोप ओळखणारा, निरोप वाढवणारा आणि या दोहोंच्या मध्ये निरोपाचे रूपांतर करणारा.

१९७०च्या सुमारास मधल्या भागाचा सुगावा लागला. त्यांच्या प्रयोगांत वापरलेल्या एटीपीत थोडीशी भेसळ होती आणि सारा परिणाम त्या भेसळीचा निघाला. ती भेसळ म्हणजे एटीपीसारखाच रेणू असलेले जीटीपी. जीटीपीशिवाय ग्राहीचा निरोप सायक्लेजला मिळतच नव्हता.

तो दुवा हाती आणला व्हर्जिनिया विद्यापीठातील आल्फ्रेड गिलमन यांनी. क्लीव्हलँडला थिओडोर रॉल यांच्याकडेच त्यांचे पीएच.डी.चे काम झाले होते. उंदराच्या कर्करोगी पेशींचा एक प्रकार सायक्लिक एएमपी वाढले की मरतो. ॲड्रेनॅलीनसारख्या द्रव्यांनी न मरणाऱ्या अपवादात्मक पेशींमध्ये सायक्लेज नसावे, असा समज होता. गिलमन आणि एलियट रॉस यांनी दुसऱ्या पेशींचा अर्क घेतला, त्यातले सायक्लेज उष्णतेने निकामी केले आणि तो या पेशींच्या पटलांत मिसळला. प्रतिसाद परत आला. म्हणजे सायक्लेज त्या पेशींत होतेच, कमतरता तिसऱ्याच प्रथिनाची होती. १९८० मध्ये सशाच्या यकृतातून ते शुद्ध करण्यात आले. जीटीपी धरणारे म्हणून त्याला जी-प्रथिन म्हणतात. त्याचे तीन भाग असतात. स्वस्थ असताना ते, जीटीपी तुटून उरणाऱ्या जीडीपीला धरून बसते. ग्राहीने चाळवले की जीडीपी सोडून जीटीपी घेते. मग त्याचा अल्फा भाग सुटून सायक्लेजला जागवतो, काही वेळाने तो स्वतःच जीटीपी तोडतो आणि कळ बंद होते. गिलमन आणि रॉडबेल यांना १९९४चे नोबेल मिळाले.

बंद न होणारी कळ

ही कळ बंद झाली नाही तर काय होते, याचे उदाहरण पटकीत दिसते. पटकीचा जंतू आतड्याच्या पेशींत घुसत नाही, तरी तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होऊन तासाला एक लिटरपर्यंत पाणी शरीराबाहेर जाऊ शकते. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कोलकात्यात या जंतूचा अभ्यास केला आणि त्याचे विष असावे असे सुचवले. ते सिद्ध व्हायला पाऊणशे वर्षे गेली. कोलकात्याचेच शंभुनाथ डे, ज्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये पीएच.डी. केली होती, त्यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्ही टोकांना बांधून त्यात जंतू सोडण्याची पद्धत वापरली. १९५९ मध्ये त्यांनी जंतू पूर्ण गाळून काढलेला द्रवच आतड्यात घातला आणि आतडे पाण्याने फुगले. जंतू नसतानाही त्याचे विष काम करत होते.

हे विष जी-प्रथिनाच्या अल्फा भागाला एक रासायनिक गट चिकटवते, त्यामुळे जीटीपी तोडण्याची त्याची क्षमता जाते, हे १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात उघड झाले. सायक्लेज चालूच राहते, सायक्लिक एएमपी वाढत जाते, पेशींतून क्लोराइड बाहेर पडते आणि त्यापाठोपाठ पाणी वाहते. ग्लुकोजच्या सोबतीने सोडियम शोषण्याची आतड्याची दुसरी वाट मात्र या विषाने बिघडत नाही. मीठ, साखर आणि पाणी यांची जलसंजीवनी म्हणूनच लागू पडते. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी बनगाव येथे उभारलेल्या छावणीत दिलीप महालनोबिस यांनी ती मोठ्या प्रमाणावर वापरली. तिथला मृत्युदर सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आला. जी-प्रथिनाच्या अभ्यासकांनाही या विषाचा मोठा उपयोग झाला, कारण किरणोत्सारी गट चिकटवून ते प्रथिन ओळखण्याची खूण त्यातून मिळाली.

ग्राही हाती लागतो

साखळीचे सारे दुवे सापडत गेले, पण जिथून ती सुरू होते तो ग्राही १९७०च्या आरंभीही कल्पनाच होती. आल्क्विस्ट स्वतःदेखील त्याला विचारासाठी सोयीची संकल्पना मानत. रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांनी ग्राहीला चिकटणाऱ्या द्रव्यांना किरणोत्सारी अणू जोडले, म्हणजे ते द्रव्य जिथे बसेल ती जागा मोजता येईल. ड्यूक विद्यापीठात बेडकाच्या तांबड्या पेशींवर त्यांनी बीटा ग्राही असे मोजले आणि पुढे शुद्ध केले. १९८४ मध्ये शुद्ध ग्राही, जी-प्रथिन आणि सायक्लेज हे तिन्ही मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांत एकत्र घातल्यावर संप्रेरकाचा प्रतिसाद मिळाला. निरोपाची साखळी एवढ्या तीन प्रथिनांत पुरी होते, याचा तो पुरावा होता.

१९८६ मध्ये ब्रायन कोबिल्का यांच्या सहभागाने बीटा ग्राहीचे जनुक वाचले गेले. प्रथिनाची साखळी पेशीपटलातून सात वेळा आरपार जाते, असे त्यात दिसले. अशीच रचना डोळ्यातल्या ऱ्होडॉप्सिनची होती, जे प्रकाश टिपते. संप्रेरक ओळखणे आणि प्रकाश ओळखणे ही दोन कामे एकाच घराण्यातली प्रथिने करतात, हे त्यातून कळले. गंध, बऱ्याच चवी आणि चेतांचे अनेक निरोप यांचे ग्राहीही याच घराण्यातले निघाले. मानवी जनुकसंचात असे सुमारे ८०० ग्राही आहेत आणि वापरातल्या औषधांपैकी साधारण एकतृतीयांश औषधे त्यांच्यावर काम करतात.

शेवटचे काम कोबिल्का यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात केले. पटलातून बाहेर काढला की हा ग्राही ढासळतो, त्यामुळे त्याचे स्फटिक मिळवायला दोन दशकांच्या आसपास खटपट करावी लागली. २००७ मध्ये बीटा ग्राहीची रचना दिसली आणि २०११ मध्ये ॲड्रेनॅलीनसारखे द्रव्य, ग्राही आणि जी-प्रथिन हे तिघेही एकमेकांना जोडलेले असतानाचे चित्र मिळाले. द्रव्य बाहेरच्या बाजूने ग्राहीच्या खळग्यात बसते. त्याने ग्राहीचा आकार किंचित बदलतो, आतल्या बाजूला जागा उघडते आणि त्या जागेत जी-प्रथिन आपले टोक खुपसते. निरोप्या बाहेरच राहतो, आत पोहोचतो तो आकारातला बदल. २०१२चे रसायनशास्त्राचे नोबेल लेफ्कोविट्झ आणि कोबिल्का यांना मिळाले.

एकाच ॲड्रेनॅलीनचे इतके निरनिराळे परिणाम का, याचेही उत्तर या साखळीत आहे. त्वचेच्या रक्तवाहिन्यांवर अल्फा ग्राही आहेत म्हणून त्या आकसतात, श्वासनलिकांवर बीटा आहेत म्हणून त्या सैलावतात. हृदय आणि चरबी या दोन्हींच्या पेशींत सायक्लिक एएमपीच वाढते, पण ज्या प्रथिनांना फॉस्फेट लागते ती दोन्हीकडे वेगळी असतात. म्हणून हृदयाचे ठोके वाढतात आणि चरबी वितळते. लँग्ली यांनी १९०५ मध्ये निरोप घेणे आणि कृती करणे या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या होत्या. कोणते ग्राही बाहेर ठेवायचे आणि त्यांच्यामागे आत कोणती प्रथिने जोडायची हे प्रत्येक पेशी आपापल्या घडणीनुसार ठरवते, आणि ॲड्रेनॅलीनचा अर्थ तिथेच ठरतो.